जाळीमागचा दिवा आणि त्याचे चाहते

गाड्या आपसांत गप्पा मारत आणि माणसं नुसत्या हॉर्नवर भागवत, त्या काळची गोष्ट.

हिंदुरावांनी कोबी वाहणाऱ्या आपल्या पिकअपला हौसेनं एक एलईडी दिवा लावला. पुढं जाळी, मागं म्हातारा रेडिएटर आणि मधे हा दिवा, नवरदेवासारखा ऐटीत.

पहिल्याच संध्याकाळी घाट चढताना तो पेटला आणि रानातले झाडून सगळे किडे त्याच्याकडे धावले. दिवा हरखला. "बघितलंत काका? आज आलो आणि एवढे चाहते!"

"बाळा, तुझे चाहते माझ्या नाकातोंडात चाललेत," रेडिएटर खोकत म्हणाला. "वारा मिळेना मला. जरा विझतोस का?"

"जळता तुम्ही माझ्यावर!"

"जळत नाही रे, उकळतोय!"

आणि पुढच्या वळणावर तो खरंच उकळला. बॉनेटमधून वाफा निघाल्या. हिंदुरावांनी चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली, दिवा बंद केला आणि जाळीत अडकलेला किड्यांचा थर शिव्या देत फडक्यानं झाडून काढला. जिवंत होते ते उडून गेले.

अंधारात दिवा कासावीस झाला. "जाळीबाई, माझी माणसं कुठं गेली हो? मला शोधत असतील बिचारी."

जाळीला समोरचं दिसत होतं, पण तिच्यानं सांगवेना. टपरीवर एक धुरकट पिवळा बल्ब लोंबत होता. त्याच्याभोवती तीच गर्दी तितक्याच भक्तिभावानं घिरट्या घालत होती, आणि बल्ब हरखून खालच्या किटलीला सांगत होता, "बघितलंस? किती चाहते!"