ठकूची वीत

फार वर्षांपूर्वी भेंडेकोंडात चौदा घरं होती, आणि चौदा घरांत मिळून पदराएवढीही जमीन नव्हती. सगळी खोताची. भाजीला एक वाफा हवा तर दोन महिने त्याच्याकडे फुकट राबायचं, वर पिकेल त्यातली पहिली टोपलीही त्यालाच! पोरं नुसत्या मीठभातावर वाढत होती.

त्यांतल्याच एका घरात ठकू राहायची. विधवा, तोंडाची फटकळ, मनाची लोण्यासारखी. तिची लेक तापातून उठली आणि काकडीची फोड मागायला लागली. ठकू तडक खोताच्या ओटीवर गेली.

"एक वाफा द्या," ती म्हणाली.

खोत खो खो हसला. "अगो, वरचा कातळ घे की! अख्खा घे!"

"चार माणसांसमोर बोललात हां. आता शब्द फिरवायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून ठकू खाडीचा गाळ पाटीने वर वाहू लागली. आधी लोक हसले. मग एकेक जण पाटी घेऊन तिच्या मागून येऊ लागला. असं म्हणतात, की तिच्या फेऱ्यांनी कातळात पावलं उमटली. असंही म्हणतात, की तीन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळलं, ठकू बांधावर बसून राहिली आणि मातीचा कणही वाहून गेला नाही. खरंखोटं देव जाणे.

मग ठकूने वाफे आखले. एकेका घराचं नाव घेत गेली आणि जागा संपली. वाफे झाले तेरा! सगळ्यांचे धरले, बाई आपला धरायलाच विसरली.

"राहू दे गो," ती म्हणाली, पण डोळे लेकीकडे गेले.

तेव्हा शेजारच्या गोदूने आपला बांध एक वीत आत घेतला. तिचं बघून पुढचा वीतभर सरकला, मग त्याच्या पुढचा, असे सगळेच. तेरा वितींचा चौदावा वाफा झाला. ठकूला हुंदकाच फुटला. त्या साली लेकीने पोटभर काकड्या खाल्ल्या.

कातळावरचा वाफा आजही विकत नाहीत. नवं बिऱ्हाड आलं, की सगळे ठकूचं नाव घेऊन एकेक वीत आत सरकतात. गेल्या साली चिरेखाणीवर दगड काढायला विजापूरकडचं जोडपं आलं. त्यातल्या बाईने भीत भीत किंमत विचारली.

"किंमत कसली?" म्हातारी माणसं तिच्यावर खेकसली. "पुढचा येईल, त्याला वीत सोड!"

वाफे आता एकेचाळीस आहेत. लहान झालेत खरे, पण कातळावर जागा नाही असं अजून कुणालाच सांगावं लागलेलं नाही.