वाकडी नदी आणि ओले वाफे

"नदी एक, आणि लांब्या तीन? माझ्या राज्यात हे चालायचं नाही!" राजा उदंडसेनाने सिंहासनावर मूठ आपटली.

शेजारच्या राजाने आपल्या घाटावर नदीची शिळा बसवली होती, म्हणून आता उदंडसेनालाही बसवायची होती. तिच्यावर वाकडी नदीची लांबी कोरायची, एवढंच काम. दरबारात संगणक होता, त्यात नकाशांची प्रणाली होती. (राजाच्या काळात संगणक कुठून आला, असं विचारणाऱ्यांनी राजा तरी कुठून आला हेही विचारावं.)

पण दरबारची रीतच न्यारी! ज्याचा हुद्दा मोठा, त्याने नकाशा उंचावरून पाहायचा. प्रधान शामजीपंतांनी थेट ढगांतून पाहिलं, तेव्हा नदी साठ कोस भरली. सेनापती शिस्तीत थोडे खाली उतरले. त्यांना प्रधानजींना न दिसलेली वळणं दिसली आणि नदी नव्वद कोस झाली. कारकुनाने बिचाऱ्याने जमिनीला नाक लावलं. त्याला ओढे दिसले, ओहोळ दिसले, ओहोळांची पिल्लं दिसली. त्याचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि थांबायचं नाव घेईना.

"खोटारडा कोण ते सांगा!" राजा गरजला.

"महाराज, खोटारडी नदी आहे," प्रधानजी म्हणाले. "वळणं छाटू, ओढे बुजवू, नदी सरळ करू. मग कुठूनही मोजा, आकडा एकच!"

राजाला हे इतकं पटलं की त्याने स्वतःच्या हाताने पडद्यावर उगमापासून मुखापर्यंत तांबडी रेघ ओढली. रेघ सुरेख आली होती. नदीच्या मोठ्या वळणात कोपरवाडी नावाचं गाव होतं आणि ते आता कोरडं पडणार होतं, पण पडद्यावर एवढं बारीक कोण बघतो?

ही बातमी पोचली आणि कोपरवाडीत चूल पेटेना. शेवटी गावाने हौसाला दरबारात धाडलं. भिवा माळ्याची ही लेक वाफ्यांना पाणी देण्यात पटाईत आणि उत्तर देण्यात त्याहून पटाईत. तिच्या तोंडी लागून आजवर कुणी जिंकलं नव्हतं.

"महाराज, तुमास्नी आकडाच पायजे ना? मग नदीला कशापायी मारता?"

"मला असा आकडा हवा, जो लांबून पाहिला काय नि जवळून पाहिला काय, बदलणार नाही! उद्या सूर्य मावळायच्या आत आण. नाहीतर परवा फावडी निघतील!"

दरबार मनातल्या मनात हसला. नदी म्हणजे जितकं जवळ जावं तितकी वाढणारी चीज, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं.

"उद्या कशाला? आत्ताच घ्या की! त्या कारकूनदादास्नी सांगा, नकाशावर वाफे पाडा म्हणावं."

कारकुनाने पडद्यावर सारख्या मापाच्या चौकटी आखल्या.

"आता ज्या वाफ्यात पाणी हाय, तेवढेच मोजा. झालं? आता परतेक वाफ्याची बाजू निम्मी करा. एकाचे चार झाले. त्यातले ओले किती?"

कारकुनाने संगणकाला विचारलं आणि डोळे चोळले. "आधीच्या तिप्पट!"

"अजून निम्मी करा."

"पुन्हा तिप्पट!"

राजा सिंहासनावरून उतरला आणि कारकुनाला बाजूला सारून स्वतः चौकटी बारीक करत बसला. कधी तिपटीला थोडे कमी, कधी थोडे जास्त, पण झोक तिनावरच!

"ह्यो घ्या तुमचा आकडा," हौसा म्हणाली. "तीन!"

"तीन काय? कोस?" प्रधानजी खेकसले.

"कोस न्हाई, पंत. कोस बघणाऱ्याच्या हुद्द्यापरमाणं बदलत्यात. ह्यो नदीचा सोताचा आकडा हाय."

प्रधानजींचा चेहरा आंबला. "असेल! पण नदी सरळ केली तर काय बिघडलं?"

"काय बी न्हाई! सरळ पाट वाफ्यातनं गेला, तर चारातले दोनच भिजत्यात. तिनाचे दोन हुतील, एवढंच. पल्याडच्या राजानं त्याची नदी सरळ केलीया, त्याचा आकडा दोन. आपल्या शिळेवर बी दोनच लिवायचं असलं, तर फावडी काढा."

राजा ताडकन उठला. "त्याच्याइतकेच? कदापि नाही! तीन म्हणजे तीन!" मग त्याला लोभ सुटला. "काय गं, चार नाही करता यायचे?"

"येतील की! पर चार म्हंजी चारी वाफे ओले. कोरडं काय बी उरायचं न्हाई, ह्यो दरबार बी न्हाई. पंतास्नी पवता येतंया का, तेवढं इचारून घ्या!"

प्रधानजींनी घाबरून आपलं धोतर वर धरलं, आणि राजा जो हसत सुटला तो पोट धरून खालीच बसला. हसता हसताच त्याने तांबडी रेघ पुसली आणि नदीला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम सोडला. शिळेवर भला मोठा 'तीन' कोरला गेला. त्याचा अर्थ प्रधानजींना अजून विचारू नका.

"आणि हा संगणक तुला बक्षीस!" राजा म्हणाला.

हौसाने मुजरा केला. संगणक उचलला, दारापर्यंत गेली, आणि लोंबणारी वायर हातात धरून परत आली.

"महाराज, उपकार झाले. पर आमच्या गावात वीज न्हाई. ही खोचायची कुठं, प्रधानजींच्या कानात?"

राजा पुन्हा हसत सुटला, आणि त्याच आठवड्यात कोपरवाडीच्या वाटेला विजेचे खांब लागले.