न वाचलेला हुकूम

एका तळ्याकाठच्या गावात तुळाजी नावाचा एक दवंडीवाला राहत होता. त्या राज्यात एक जुना कायदा होता. राजाचा कोणताही हुकूम हलगी वाजवून तीन वेळा मोठ्याने वाचायचा. तिसरं वाचन संपायच्या आत गावातल्या एकाने जरी ‘हरकत आहे’ म्हटलं, तरी हुकूम तिथेच अडायचा आणि राजाला गावापुढे बसून ऐकून घ्यावं लागायचं. म्हणून तुळाजीच्या हलगीवर थाप पडली की बायका चुलीवरचं भांडं उतरवून दारात येत आणि म्हातारे कानामागे हात धरून बसत.

राजाला ही अडवणूक डाचत होती, पण कायदा मोडायची छाती होत नव्हती. शेवटी त्याच्या कारभाऱ्याने डोकं चालवलं. त्याने टेकडीवर मैदान आखलं आणि दर आठवड्याला एडक्यांच्या टकरी सुरू केल्या. वरच्या आळीचा तांबड्या, खालच्या आळीचा भिंगऱ्या. बघता बघता सारं गाव त्या दोन एडक्यांपायी वेडं झालं. सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, तेही वाटणीवरून नव्हे, एडक्यांवरून!

मग कारभारी तुळाजीला म्हणाला, “सगळं गाव इथंच जमतं. दवंडी इथंच देत जा. तुझेही पाय वाचतील.”

पहिला हुकूम तुळाजीने मैदानात नेमाने तीन वेळा वाचला. गावाचं गायरान राजाच्या घोड्यांसाठी राखून ठेवण्याचा तो हुकूम होता. लोक उलट त्याच्यावरच खेकसले, “ए तुळाजी, बाजूला हो की! दिसंना झालंय.” पुढच्या वेळी त्याने हुकूम दोनदाच वाचला. त्याच्या पुढच्या वेळी एकदाच. लोक त्याची पाठ थोपटू लागले. आजवर हुकूम वाचल्याबद्दल तुळाजीला कुणी शाबासकी दिली नव्हती. आता न वाचल्याबद्दल मिळत होती. आणि खरं सांगायचं तर टकरींचा नाद त्यालाही लागला होता. तो खालच्या आळीचा. भिंगऱ्या उतरला की त्याच्यासाठी हलगी तुळाजीच कडकडवायचा.

गायरानावर पहारे बसले. तळ्यावर गुरांना पाणी पाजायला बंदी झाली. लोक विचारायला गेले की पहारेकरी म्हणत, “दवंडी झाली होती. तेव्हा का नाही बोललात?” लोक चार दिवस चरफडत आणि पुढच्या टकरीला पुन्हा टेकडी चढत.

तुळाजीची बायको सगुणा पायांनी अधू होती. ती टेकडीवर जाऊ शकत नसे. एकदा तिने त्याला विचारलं, “अवं, तुमी वाचताय ते तुमच्या तरी कानात शिरतंय का?”

“सरकारी कागद त्यो. त्यात काय बघायचं?” असं म्हणून तुळाजी हलगी शेकायला बसला.

मग त्या वर्षातली शेवटची टक्कर आली. कारभाऱ्याने तुळाजीच्या हातात कागद दिला. तुळाजीने घडी उघडली. ‘तळ्याचा बांध’ एवढे दोन शब्द त्याच्या नजरेला पडले, तेवढ्यात भिंगऱ्याला मैदानात आणलं. “तुळाजी, हलगी!” लोक ओरडले. तुळाजीने कागदाकडे पाहिलं, एडक्याकडे पाहिलं. टक्कर झाल्यावर वाचू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि कागद मुंडाशात खोवला. कारभाऱ्याने ते पाहिलं. त्याने फक्त तळ्याकडे स्वार पाठवला.

कागदात लिहिलं होतं की राजाला तळ्याच्या जागी मोठं मैदान करायचं आहे. आज दुपारी बांध फोडला जाईल. त्याआधी खालच्या आळीने घरं सोडावीत.

दुपारी भिंगऱ्याने तांबड्याला लोळवलं. खालच्या आळीच्या लोकांनी गुलाल उधळला आणि तुळाजीला खांद्यावर घेतलं. आता तो सगळ्यांहून उंच होता, म्हणून सगळ्यांआधी त्यालाच दिसलं. बांध फुटला होता. गढूळ पाणी खालच्या आळीत घुसत होतं.

“खाली सोडा! पानी आलं! सगुणा घरात हाय!” तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज. त्या दिवशी ज्यांच्या खांद्यावर तो बसला होता त्यांनासुद्धा ऐकू गेला नाही. ते त्याला नाचवत राहिले.

आळीत घरी राहिले होते ते म्हातारे, आजारी आणि पाळण्यातली पोरं. कुणी वाचलं नाही. सगुणा सरपटत उंबऱ्यापर्यंत आली होती. तिथेच ती सापडली.

गाव कारभाऱ्याच्या दारावर धडकलं. कारभारी शांतपणे म्हणाला, “दवंडी झाली होती.”

तुळाजी पुढे झाला. त्याने मुंडाशातला कागद काढून सर्वांसमोर धरला. “न्हाई झाली. म्या हुकूम वाचलाच न्हाई. मला फाशी द्या, पर ह्यो हुकूम खोटा हाय.”

“हा आता दुःखात बोलतोय,” कारभारी म्हणाला. मग तो लोकांकडे वळला. “तुम्ही सगळे तिथंच होतात. हुकूम वाचला गेला नाही, हे कुणी शपथेवर सांगेल का?”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. हुकूम वाचला होता की नव्हता, हे एकालाही ठाऊक नव्हतं. तुळाजी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेला आणि एकेकाची मान खाली जात गेली. कारभाऱ्याने दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी तळ्याच्या जागी नवं मैदान तयार झालं. पहिल्या टकरीला खालच्या आळीतली उरलेली माणसंही गेली. एवढं मोठं मैदान, पण बसायला जागा पुरली नाही.

तात्पर्य: तमाशा पाहण्याच्या नादात जी प्रजा आपल्यावरचे हुकूम ऐकणं सोडून देते, तिचं घर बुडवायला राजाला लपूनछपून काही करावं लागत नाही.