डावीकडचा वैल

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर काडेपेटी नावाची वस्तू तेव्हा कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. बायका निजण्याआधी चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायच्या. सकाळी ज्या घरचा विस्तव विझलेला निघेल, त्या घरची बाई खापर घेऊन शेजारणीच्या दारात जायची. "विस्तव देतेस का गं?" म्हणायचं, घटकाभर उभ्या उभ्या बोलायचं आणि मग घरी येऊन चूल पेटवायची. गावातली अर्धी सुखदुःखं त्या खापराबरोबरच या घरातून त्या घरात जात.

अशाच एका नदीकाठच्या चाळीस घरांच्या गावात महापूर आला आणि एक भिंत म्हणून उभी राहिली नाही. कितीतरी माणसं गेली. उरली ती अंगावरच्या कपड्यांनिशी.

राजा भला होता. त्यानं उरलेल्यांना उंच माळावर आणलं आणि चाळीस राहुट्या ठोकून दिल्या. त्याचा कारभारी तर कामाला वाघ! त्यानं मोठा मुदपाकखाना उभारला आणि दोन्ही वेळा गरम जेवण प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलं. कुणाला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. वर दवंडी पिटली, "पुराचं नाव काढायचं नाही हो! गेलेल्यांचं नाव काढायचं नाही हो! रडायचं नाही हो!" लोकांनी हसावं म्हणून बहुरूपीसुद्धा बोलावले. बिचाऱ्याच्या मनात खोट नव्हती, पण डोकं मात्र साफ उलटं चाललं होतं.

कारण माणसं हसेनात. ताटातले चार घास गिळायची आणि राहुटीत जाऊन पडायची. शेजारी शेजाऱ्याकडे बघेना. काय बोलायचं? जे बोलायचं होतं त्याला तर बंदी!

त्यांतच म्हाळसा होती. तिची नऊ वर्षांची येसू पुरात तिच्या हातातून सुटली होती. म्हाळसा नदीकडे तोंड करून बसून असायची. सात दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि कारभाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "माझ्या पुड्यांनी हे दुखणं बरं होणार नाही. आणखी तीन-चार दिवस अशीच राहिली तर हाती लागायची नाही."

त्याच दिवशी शेजारच्या गावची गोजराबाई कुंभारीण गाढवांवर पाण्याचे माठ लादून माळावर आली. माठ उतरवले, घाम पुसला आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "कारभारीसाहेब, यांच्या चुली कुठं आहेत?"

"चुली कशाला?" कारभारी म्हणाला. "आयतं मिळतंय की!"

"तेच तर!" गोजराबाई म्हणाली आणि थेट राजाकडे गेली. "महाराज, उद्यापासून मुदपाकखाना बंद करा. धान्य घरोघर वाटा. मी माती आणते, चुली ही माणसंच घालतील."

मागोमाग आलेला कारभारी भडकला. "दुःखानं पिचलेल्या माणसांना कामाला जुंपायचं? शोभतं का हे?"

राजानं विचार केला. लोकांनी चुली पेटवल्याच नाहीत, तर सगळी उपाशी राहणार आणि बोल राजाला लागणार. पण मुकी झालेली ती राहुट्यांची ओळ त्यालाही बघवत नव्हती. तो म्हणाला, "बाई, घाला चुली. आणि कारभारी, ती दवंडी आजपासून बंद."

गोजराबाईनं माती कालवली. बायका आधी नुसत्या बघत राहिल्या, मग एकेक जण पुढे आली. गोजराबाई मात्र म्हाळसाच्या राहुटीपाशी जाऊन बसली. "झालं ते झालं" म्हणाली नाही, "धीर धर" म्हणाली नाही. आपली चूल घालत राहिली. चूल उभी राहिली, तसा तिनं बाजूचा वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायचं तोंड, उजव्या हाताला घ्यायला सुरुवात केली. सगळ्यांच्या घरी असायचा तसाच.

बराच वेळ गेला आणि मागून घोगरा आवाज आला. "डावीकडं."

गोजराबाईचे हात थांबले. "काय म्हणालीस, बाई?"

"आमचा वैल डावीकडं होता. येसू डावखुरी होती. तिला डाव्या हातानं आमटी ढवळायची असायची." एवढं बोलली आणि म्हाळसा धाय मोकलून रडायला लागली. आठ दिवसांचं रडू ते! कारभारी धावत आला, पण गोजराबाईनं मातीचा हात वर करून त्याला तिथंच थांबवलं. म्हाळसा येसूबद्दल बोलत राहिली, गोजराबाई ऐकत राहिली. मग दोघींनी मिळून वैल मोडला आणि डावीकडे घातला.

चुली उन्हात सुकत पडल्या. तेवढ्या काळासाठी म्हणून गोजराबाईनं मुदपाकखाना चालू ठेवायला सांगितलं. तिसऱ्या संध्याकाळी तिनं तिथलेच निखारे आणले, पण ते एकाच चुलीत घातले. म्हाळसाच्या.

"म्हाळसाबाई," ती म्हणाली, "मुदपाकखान्याची आग आता विझवतेय. उद्या सगळी घरं तुझ्याकडे विस्तव मागायला येतील. सांभाळशील ना?"

कारभाऱ्यानं कपाळावर हात मारला. "अहो, मान वर न करणाऱ्या बाईच्या हाती सगळ्यांचं जेवण दिलंत?"

उजाडलं, तसा राजा स्वतः माळावर आला. बायका खापरं घेऊन उभ्या होत्या, पण पुढे कुणी होईना. इतके दिवस सगळ्या तिला टाळत होत्या. लेक गेलेल्या बाईशी बोलायचं तरी काय?

तेवढ्यात म्हाळसाच्या राहुटीपुढून धूर निघाला. निखारे राखेत नीट पुरलेले होते, एकही विझला नव्हता!

नवरा पुरात गेलेली ठकूबाई पहिल्यांदा पुढे झाली. "विस्तव देतेस का गं, म्हाळसा?"

म्हाळसानं खापरात निखारे घातले. "बस की जराशी," ती म्हणाली. ठकूबाई बसली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग म्हाळसानं वैलावरची पेज दोन वाट्यांत ओतली आणि ठकूबाईबरोबर स्वतःही प्यायली. त्या सकाळी बाकीची एकोणचाळीस घरं म्हाळसाच्या दारी येऊन गेली आणि माळावर चाळीस ठिकाणी धूर निघाला.

राजानं गोजराबाईपुढे हात जोडले. कारभाऱ्यानं खाली मान घातली आणि गुपचूप दोन पाट्या माती वाहून आणली. हेही थोडं नाही!

पुढच्या वर्षी डोंगरापलीकडच्या एका गावाला वणव्यानं गिळलं. बातमी कळताच गोजराबाई गाढव घेऊन निघाली. पोचते तर तिच्याआधीच कुणीतरी तिथं मातीत हात घालून बसलं होतं. म्हाळसा! एका गप्प बसलेल्या म्हाताऱ्यापाशी बसून ती चूल घालत होती आणि विचारत होती, "बाबा, मला तुमच्या घरचं ठाऊक नाही. वैल कुठं होता, सांगता का?"

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: दुःखी माणसाला नुसतं आयतं देऊ नये आणि गप्पही करू नये. त्याचं ऐकून घ्यावं आणि दुसऱ्याला देता येईल असं काहीतरी त्याच्या हाती ठेवावं.