चार पाटल्या आणि काही नाणी

“पण बुवा, ठेवलेलं सोनं कधी वाढतं का?”

शशिकांत मोहित्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मेढ्याजवळच्या टेकडीवरच्या त्या लहानशा मठात निरंजनबुवा गवार मोडत बसले होते.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त व्हायला मोहित्यांना चार महिने उरले होते. म्हातारपणाची सगळी तजवीज त्यांनी कागदावर मांडली होती, आणि ती फाईल ते अभिमानाने बरोबर घेऊन आले होते.

त्यांच्या पत्नीचं, कुसुमताईंचं, म्हणणं एवढंच होतं की निवृत्तीच्या पैशातला थोडा भाग सोन्याच्या नाण्यांत ठेवावा. तेवढ्यावरून दोन महिने घरात धड बोलणं नव्हतं. शेवटी बुवा म्हणतील ते दोघांनी मानायचं, असं ठरलं.

मोहिते निर्धास्त होते. विरक्त माणूस सोनं घ्या म्हणेल कसा?

त्यांनी फाईल पुढे सरकवली. बुवांनी ती उघडली नाही. गवारीची पाटी उचलून तिच्यावर ठेवली.

“घरात आज सोनं किती आहे?”

“हिचं मंगळसूत्र,” मोहिते लगेच म्हणाले. “आणि सासूबाईंनी दिलेल्या चार पाटल्या. कपाटात आहेत.”

शेजारी बसलेल्या कुसुमताई खाली बघत होत्या...

“पाटल्या नाहीत,” त्या म्हणाल्या.

मोहित्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी अपघातानंतर मोहिते साताऱ्याच्या एका दवाखान्यात नऊ दिवस बेशुद्ध होते. ऑपरेशनचे पैसे त्याच दिवशी भरायचे होते. ठेवी होत्या, पण सगळ्या त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि सही करणारा हात सलाईनला बांधलेला. कुसुमताई सराफाकडे गेल्या आणि तासाभरात परत आल्या. यांच्या मनाला ताण नको, असं डॉक्टरांनी पुढे बजावलं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. नंतर ते राहूनच गेलं.

पैसे थोरल्या भावाने भरले, असंच मोहिते आजवर समजत होते. भाऊ पुढच्याच महिन्यात गेला होता. विचारणं झालंच नव्हतं.

त्यांनी पत्नीच्या हातांकडे पाहिलं. काचेच्या बांगड्या होत्या. सहा वर्षं रोज त्याच हातांनी वाढलेलं ते जेवत होते...

“पाटल्या पुन्हा करू,” ते कसेबसे म्हणाले.

“नकोत. दागिना विकताना हात थरथरतो हो. नाणं विकताना नाही थरथरणार.”

बुवा शेंगा मोडत राहिले.

मोहित्यांनी पाटी बाजूला करून फाईल उघडली. आधी सगळ्या ठेवींपुढे पत्नीचं नाव घातलं. मग खाली सोन्याची एक नवी ओळ लिहिली, पाचवा भाग. कुसुमताईंनी वाकून पाहिलं आणि तो फार होतो म्हणाल्या. महिन्याचा खर्च व्याजावरच भागवायचा होता, दहावा पुरे. ते खोडताना मोहित्यांनी लॉकरचं विचारलं, तेव्हा किल्ली कुठे ठेवायची ते दोघांनाही ठाऊक हवं, असं त्या म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी दोघांची डोकी एका कागदावर वाकली होती. बोलता बोलता कुसुमताई कशाला तरी हसल्यासुद्धा.

निघताना मोहिते ओशाळून थांबले.

“बुवा, तुमचं मत राहिलंच. सोनं घ्यावं ना?”

“घ्या,” बुवा म्हणाले. “ठेवींना आता दोघांची नावं लागली; सोन्यावाचून तुमचं अडणार नाही. म्हणून घ्या.”