बटण्याला शेण कोण देणार?

ऐका हं! कान टवकारा, गोष्ट आली.

एक होता शेणकिडा. इटुकला. काळा काळा. चकचकीत. त्याचं नाव बटण्या.

बटण्यानं केला शेणाचा गोळा. ढकलत ढकलत घरी निघाला. गडगड गडगड! घरी होती बायको, चकी. चकी त्या गोळ्यात अंडं घालणार होती.

तेवढ्यात आला झाडू. सर्रर्र! फर्रर्र!

"सभापती आले! गाईचा सत्कार आहे! शेण काढा, शेण काढा!"

गोळा गेला कुठल्या कुठे.

चकी म्हणाली, "अहो, आता अंडं कुठं घालू? जा, दुसरा गोळा आणा."

मांडवात उभी होती पोवळी गाय. गळ्यात हार. पायाखाली लाल गालिचा. बटण्या तिच्या पायावरून चढला. तुरुतुरु तुरुतुरु! शेपटीपाशी गेला. टकटक!

"आतडेबुवा, आतडेबुवा, शेण द्या!"

आतून आतडं म्हणालं, "कुठून देऊ? वरून आलं नाही! पोटातली आंबट पिशवी रस घालेल, तर मी शेण देईन."

बटण्या गेला पोटाखाली. तुरुतुरु तुरुतुरु! टकटक!

"पिशवीबाई, पिशवीबाई, रस घाला!
आतडं शेण देईना,
शेणाविना गोळा होईना!"

आंबट पिशवी म्हणाली, "रस तर तयार आहे. आंबट आंबट! घास पडला की विरघळला! पण घास कुठाय? वरून आला नाही! पानांची पिशवी पाणी पिळेल, तर मी रस घालीन."

बटण्या गेला उजव्या कुशीवर. तुरुतुरु तुरुतुरु! टकटक!

"पिशवीबाई, पिशवीबाई, पाणी पिळा!
आंबट पिशवी रस घालीना,
आतडं शेण देईना,
शेणाविना गोळा होईना!"

पानांची पिशवी म्हणाली, "माझ्या पोटात पानंच पानं, जसं जाडजूड पुस्तक! पानांमध्ये घास धरते, पाणी पिळून घेते. पण पिळू काय? वरून आलं नाही! जाळीची पिशवी घास सोडेल, तर मी पाणी पिळीन."

बटण्या गेला छातीपाशी. तुरुतुरु तुरुतुरु! टकटक!

"पिशवीबाई, पिशवीबाई, घास सोडा!
पानांची पिशवी पाणी पिळीना,
आंबट पिशवी रस घालीना,
आतडं शेण देईना,
शेणाविना गोळा होईना!"

जाळीची पिशवी म्हणाली, "माझी जाळी बघ, मधाच्या पोळ्यासारखी! बारीक आलं, पुढे जा. जाडं आलं, मागे फिर. सकाळपासून सगळं जाडंच! मोठी पिशवी गवत वर धाडेल, तर मी घास सोडीन."

बटण्या गेला डाव्या कुशीवर. केवढी ती पिशवी! टम्म फुगलेली! आत गुडगुड, गुडगुड. टकटक!

"मोठ्या बाई, मोठ्या बाई, गवत वर धाडा!
जाळीची पिशवी घास सोडीना,
पानांची पिशवी पाणी पिळीना,
आंबट पिशवी रस घालीना,
आतडं शेण देईना,
शेणाविना गोळा होईना!"

मोठी पिशवी म्हणाली, "गवत ढीगभर आहे. भिजवलंय, मुरवलंय. पण आधी ते तोंडात जायचं, मग चावून परत यायचं. पोवळीताई निवांत बसेल, तर मी गवत वर धाडीन."

बटण्या गेला पोवळीच्या कानापाशी. दमला बिचारा. तरी तुरुतुरु तुरुतुरु!

"पोवळीताई, पोवळीताई, खाली बस!
मोठी पिशवी गवत धाडीना,
जाळीची पिशवी घास सोडीना,
पानांची पिशवी पाणी पिळीना,
आंबट पिशवी रस घालीना,
आतडं शेण देईना,
शेणाविना गोळा होईना!"

पोवळी म्हणाली, "बसू कशी रे? मला उभी बांधलीय. कानात भोंगा ओरडतोय. माझंच कौतुक चाललंय म्हणे! सभापती भाषण थांबवतील, तर मी खाली बसेन."

सभापती बोलत होते. "गाय म्हणजे... गाय म्हणजे... गाय! आम्ही गाईसाठी मांडव घातला! आम्ही गाईसाठी गालिचा टाकला!"

बटण्या उडाला. घूंऽऽ! बसला माईकवर.

"सभापती, सभापती, भाषण थांबवा!
पोवळीताई खाली बसेना,
मोठी पिशवी गवत धाडीना,
जाळीची पिशवी घास सोडीना,
पानांची पिशवी पाणी पिळीना,
आंबट पिशवी रस घालीना,
आतडं शेण देईना,
शेणाविना गोळा होईना!"

सभापती हळूच म्हणाले, "थांबू कसा? टाळ्या वाजल्या नाहीत! टाळ्या वाजतील, तर मी थांबेन."

बटण्यानं लोकांकडे पाहिलं. लोक झोपलेले! घुर्रर्र... फुस्स! घुर्रर्र... फुस्स! पहिल्या खुर्चीत पोवळीची मालकीण, सरूमावशी. तीही झोपलेली.

बटण्या उडाला. घूंऽऽ! बसला मावशीच्या नाकावर.

"सरूमावशी, सरूमावशी, टाळी वाजवा!
सभापती भाषण थांबवीनात,
पोवळीताई खाली बसेना,
मोठी पिशवी गवत धाडीना,
जाळीची पिशवी घास सोडीना,
पानांची पिशवी..."

मावशीनं एक डोळा उघडला. "अगं बया, किडा!"

बटण्या उडाला. मावशीनं दोन्ही हातांनी मारलं. फट्!

बटण्या वाचला. पण टाळी वाजली!

लोक दचकून उठले. "संपलं वाटतं! वाजवा, वाजवा!" कडकड कडकड!

टाळ्या वाजल्या, भाषण थांबलं.
भाषण थांबलं, भोंगा गप्प.
मावशीनं दोर सोडला, पोवळी बसली.
पोवळी बसली, मोठ्या पिशवीनं गवत वर धाडलं.
पोवळी डोळे मिटून चावू लागली. कचर कचर, कचर कचर.
घास झाला बारीक, जाळीनं सोडला.
पानांनी पाणी पिळलं.
आंबट पिशवीनं रस घातला.
आतडं वळवळलं. वळवळ वळवळ!

तोवर सभापती जेवले. झोपले. उठले. मग गाईबरोबर फोटो काढायला आले.

"हं, हसा!" फोटोवाला म्हणाला.

पोवळी उठली. पोवळीनं शेपटी वर केली.

पच्च! पच्च! पच्च!

लाल गालिच्यावर शेणाचा गरमागरम पो! थोडं सभापतींच्या नव्या बुटावर.

सभापती ओरडले, "हे काय? हे काय?"

सरूमावशी म्हणाली, "शेण हाय, सायेब. गाय हाय ती."

"झाडू आणा! झाडू आणा!"

झाडू शोधेपर्यंत बटण्या पोहोचला. कापलं, लाटलं, वळलं. गोल गोल गोळा! पहिल्यापेक्षा मोठा! गडगड गडगड, माणसांच्या पायांमधून, मांडवाबाहेर, थेट घरी.

"आणला हो आणला!" चकी म्हणाली. आणि गोळ्यात घातलं पांढरं पांढरं अंडं.

गोळा गेला बिळात, झोप आली डोळ्यांत.