आवळून धरलेला पिस्टन

फार वर्षांमागे भालूअण्णांना जुनी इंजिनं जमवून चालू करायचा नाद होता. एकदा त्यांनी पिठाच्या गिरणीतलं गंजकं इंजिन शेडमध्ये आणलं. समोर गुऱ्हाळाचं इंजिन पार सुटं करून परातींत ठेवलेलं पाहताच ते चळचळा कापू लागलं.

"घाबरू नकोस. रॉकेल मुरू दे, गंज सुटेल; अंग सैल सोड. अण्णा पुन्हा जोडतात," परातीतून गुऱ्हाळाचं इंजिन म्हणालं.

पण भीतीनं गिरणीच्या इंजिनानं आपला पिस्टन आणखीच आवळून धरला. अण्णांनी रॉकेल ओतलं, ठोकून पाहिलं; पिस्टन तसूभर हलला नाही.

"हे काही सुटत नाही बुवा," अण्णा हळहळले. "याचं चाक त्या गुऱ्हाळाच्या इंजिनाला लावू."

गुऱ्हाळाचं इंजिन जोडून झालं आणि एका सकाळी शेड धडधडू लागली. गिरणीच्या इंजिनाला समोर आपलंच चाक फिरताना दिसलं. पिस्टन त्यानं अजून घट्ट धरला होता.